गायनिक ऑन्कॉलॉजीला प्रमुख नेमायचाय? आधी ओव्हरीची पेशंट कुणाची ते ठरवा

हे मी वैद्यकीय महाविद्यालयांचे डीन, ट्रस्टी आणि स्त्रीरोग विभागाचे एचओडी यांच्यासाठी लिहिते आहे. माझी सगळी नोकरी स्त्रीरोग विभागात गेली. निवृत्तीनंतर ट्रस्टच्या महाविद्यालयांच्या निवड समित्यांवर विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावतात. अलीकडे बऱ्याच मोठ्या कॉलेजांना स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कॅन्सरचा स्वतंत्र विभाग, म्हणजे गायनिक ऑन्कॉलॉजी, हवा असतो, आणि तो हवाच. ग्लोबोकॅन या कॅन्सरच्या जागतिक आकडेवारीच्या 2022 च्या अंदाजानुसार एकट्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखावर नव्या केसेस होतात आणि ऐंशी हजारांच्या आसपास बायका दगावतात. यातल्या कितीतरी जणी आपल्याच तालुक्यांतून, अंगावर जाऊ लागल्यावर सहा-आठ महिने घरी काढून आलेल्या असतात.

पण असे विभाग सुरू होतात आणि बंद पडतात. चांगला डॉक्टर येतो, उत्साहाने काम उभं करतो आणि दीड-दोन वर्षांत राजीनामा देऊन मोठ्या शहरात जातो. मग व्यवस्थापन म्हणतं, पगार कमी पडला. मी अशा काही जणांशी नंतर निवांत बोलले आहे. पगाराचा विषय त्यांच्या बोलण्यात फार उशिरा येतो. आधी येतो तो दुसराच.

जाहिरातीआधीची बैठक

पंचावन्न वर्षांची बाई आहे. पोट फुगलंय, पाणी झालंय, रक्तातला सीए-125 (ओव्हरीच्या कॅन्सरची एक खूण) वाढलेला आहे. ती मेडिसिनच्या ओपीडीत आली. तिथून सोनोग्राफी, मग सीटी. रिपोर्टवर ओव्हरीचा मास, म्हणजे अंडाशयाची गाठ. आता ती कुणाच्या नावावर ॲडमिट होणार? जनरल सर्जरी म्हणते पोट आमचं. सर्जिकल ऑन्कॉलॉजी असेल तर ते म्हणतात कॅन्सर आमचा. स्त्रीरोग विभागातले ज्येष्ठ युनिटप्रमुख म्हणतात, आम्ही इतकी वर्षं हिस्टरेक्टॉमी (गर्भाशय काढणं) करतोच आहोत. नव्या प्रमुखाच्या वाट्याला येतं ते दुसरीकडे अर्धवट ऑपरेशन होऊन, गाठ मागे ठेवून आलेलं पोट.

हा प्रश्न ज्या कॉलेजने आधी सोडवलेला नाही, तिथे कोणीही टिकणार नाही. एका संस्थेत मी स्वतः पाहिलं, की टाटात शिकलेली हुशार मुलगी वर्षभर ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) यादीसाठी भांडत राहिली आणि शेवटी तिने बॅग भरली. तिच्या जागी दुसऱ्याची जाहिरात आली तेव्हाही हे भांडण तसंच पडून होतं.

म्हणून डीनसाहेबांनी जाहिरात काढण्याआधी एक बैठक बोलवावी. स्त्रीरोग, सर्जरी, सर्जिकल ऑन्कॉलॉजी, मेडिकल ऑन्कॉलॉजी, रेडिएशन, पॅथॉलॉजी, भूल, सगळ्यांचे प्रमुख समोरासमोर. त्यातून एक पान लिहून निघालं पाहिजे: ओव्हरी, गर्भाशय, गर्भाशयमुख, योनी आणि व्हल्वा यांच्या कॅन्सरची किंवा संशयाची प्रत्येक बाई ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या विभागांनी एकत्र बसून उपचार ठरवण्याच्या बैठकीत, येईल, तिथे ठरल्याशिवाय तिच्या पोटाला सुरी लागणार नाही, आणि तिचं ऑपरेशन गायनिक ऑन्को युनिट करेल. आतडं, डायफ्रॅम, प्लीहा यांच्यावर काम लागलं तर सर्जनना कधी बोलवायचं, तेही लिहा. किमोथेरपी कोण देणार तेही लिहा. अमेरिकेत गायनिक ऑन्कॉलॉजिस्ट स्वतः किमो देतात, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट देतात. बाहेरून येणारा उमेदवार हे पहिल्याच भेटीत विचारेल. त्या पानावर सगळ्यांच्या सह्या घ्या. सह्या होत नसतील तर जाहिरात थांबवा. मला हे अगदी कळकळीने सांगायचं आहे, कारण या अनिश्चिततेची किंमत डॉक्टर मोजतोच, पण त्याहून जास्त ती पोटात पाणी झालेली बाई मोजते.

रेडिएशन आणि पॅथॉलॉजी तपासून घ्या

ट्रस्टींना रोबोट दिसतो. मला आधी ब्रॅकीथेरपीचं, म्हणजे गाठीजवळ आतून रेडिएशन देण्याचं, मशीन बघायचं असतं. आपल्याकडे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायकांतल्या बहुतेकींचा आजार ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला असतो. त्यांचा इलाज म्हणजे बाहेरून रेडिएशन, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध, आणि मग आतून ब्रॅकी. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत पुरं व्हावं लागतं. लांबलं की निकाल बिघडतो. तुमच्याकडे ब्रॅकी नसेल आणि बाईला त्यासाठी दुसऱ्या शहरात पाठवावं लागत असेल, तर त्या हॉस्पिटलशी आधी लेखी करार करा, तारखा ठरवा, तिच्या जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं बघा. हा करार करण्याचं काम नव्या प्रमुखाच्या गळ्यात घालू नका.

पॅथॉलॉजीत फ्रोझन सेक्शन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा रिपोर्ट, मिळतो का? एंडोमेट्रियमच्या कॅन्सरला एमएमआर आणि पी-53 चे डाग (कॅन्सरचा प्रकार ओळखायच्या तपासण्या) तुमच्याच लॅबमध्ये होतात की बाहेर पाठवता? हाय ग्रेड सिरस या ओव्हरीच्या कॅन्सरच्या बाईची बीआरसीए (आनुवंशिक दोषाची) तपासणी कोण करतं, तिचे पैसे कोण भरतं, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तिच्या बहिणी-मुलींशी कोण बोलतं? यांची उत्तरं तयार ठेवा. चांगला उमेदवार हे सगळं विचारतो, आणि ज्याला यातलं काहीच विचारायचं नसतं त्याच्याबद्दल माझ्या मनात शंका येते.

माणूस शोधायचा कुठे

मुंबईचं टाटा मेमोरियल, चेन्नईची अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट, तिरुवनंतपुरमचं रिजनल कॅन्सर सेंटर, बंगळुरूचं किडवाई, अहमदाबादचं गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, दिल्लीचं एम्स: या विषयातली बरीचशी माणसं इथून कुठून तरी तयार झालेली असतात. आता एमएस किंवा डीएनबीनंतर नीट-एसएस या प्रवेशपरीक्षेतून तीन वर्षांचं एम.सीएच. किंवा डीआरएनबी हे अतिविशेष शिक्षण होतं. पण पन्नाशीच्या पुढची पिढी बघा. त्यांच्या वेळी एम.सीएच.च्या जागा मोजक्या होत्या, म्हणून कॅन्सर हॉस्पिटलात वर्षानुवर्षं हाताखाली काम करून, फेलोशिप करून ते तयार झाले. हात सोन्याचा, पण कागदावर एम.सीएच. नाही. अशांना नॅशनल मेडिकल कमिशनच्या अध्यापक पात्रतेच्या नियमांत प्राध्यापकपद देता येतं का, हे जाहिरातीआधीच तुमच्या आस्थापना विभागाकडून लेखी तपासून घ्या. मुलाखत होऊन, माणूस पसंत पडून, घरच्यांना सांगून झाल्यावर फाइल अडकली तर तो अपमान तो विसरत नाही. प्रकाशनं, अध्यापनाचा अनुभव, वैद्यकीय शिक्षणाचा आणि संशोधनाचा पायाभूत कोर्स हे कागदही तेव्हाच बघा.

इंग्लंड-अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. आईवडील थकलेले असतात, परत यायचा विचार मनात असतो. मात्र त्यांची पदवी, त्यांचा तिकडचा अनुभव अध्यापकपदासाठी धरला जातो का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे का, हे फोनवरच्या पहिल्या बोलण्यात स्पष्ट करा.

एक गोष्ट कधीही करू नका: मोठं नाव नुसतं कागदावर घेऊ नका. पाहणीच्या दिवशी हजर आणि एरवी दुसऱ्या शहरात, असा प्रमुख नेमलात तर तुमच्या पीजींना (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना) पहिल्या महिन्यातच कळतं, की इथे काय शिकायचं आहे.

जाहिरातीत 'आकर्षक वेतन' लिहून काही होत नाही. मी एका कॉलेजला लिहून दिलेला मजकूर साधारण असा होता: "गायनिक ऑन्कॉलॉजी विभागप्रमुख. स्वतंत्र युनिट, आठवड्यातून दोन पूर्ण दिवस ओटी, आठवड्याचा ट्यूमर बोर्ड विभागप्रमुखांच्या अध्यक्षतेखाली, ब्रॅकीथेरपी संस्थेतच उपलब्ध, एक सहायक प्राध्यापक व डेटा ऑपरेटर मंजूर, तालुका पातळीवरील तपासणी कार्यक्रमाची जबाबदारी. खासगी प्रॅक्टिसची मुभा नाही." शेवटच्या वाक्याने काही अर्ज गळाले. ते बरंच झालं.

अर्ज वाचताना

ऑपरेशनांची एकूण संख्या बघून भारावून जाऊ नका. मी उमेदवाराला सांगते, ॲडव्हान्स्ड ओव्हरीच्या तुमच्या सलग वीस केसेस आणा. निवडक नकोत. नाव-नंबर काढून टाका आणि प्रत्येकीचं एवढंच लिहा: आधी किमो की आधी ऑपरेशन, पोटात गाठ शिल्लक राहिली का, आयसीयूत किती दिवस, तीस दिवसांत परत ओटीत न्यावी लागली का, पुढची किमो वेळेवर सुरू झाली का. युरोपच्या गायनिक ऑन्कॉलॉजी संघटनेचे यासाठी दर्जाचे निकष आहेत. त्यांत अशा ऑपरेशनांची केंद्रामागे वर्षाला किमान 20 आणि उत्तम केंद्रासाठी 100 ही संख्या आहे. आपल्या कॉलेजला पहिल्या वर्षी कोणता आकडा गाठता येईल, यावर उमेदवाराशी मोकळेपणाने बोला. ज्याच्याकडे स्वतःच्या केसेसची नोंदच नाही, तो विभागाची नोंद ठेवणार नाही, आणि नोंदीशिवाय शैक्षणिक विभाग होत नाही.

प्रकाशनांच्या यादीत मी पहिल्या लेखकाचं नाव बघते. प्रमुखाच्या हाताखालच्या पोरांची नावं पुढे आहेत का? पाच वर्षांत त्याच्याकडून शिकून गेलेले आज कुठे आहेत? याचं उत्तर ज्याला चटकन देता येतं, मुलांच्या नावागावासकट, तो शिक्षक आहे.

दोन दिवसांची भेट

बंद खोलीत वीस मिनिटांची मुलाखत या पदासाठी पुरत नाही. शेवटच्या दोघा-तिघांना दोन दिवस बोलवा. शक्य असेल तर जोडीदारालाही. नवरा-बायको दोघंही डॉक्टर असणं हे आता नेहमीचंच आहे, आणि दुसऱ्याला त्या शहरात काम आहे का, यावर उमेदवाराचा निर्णय अडतो. ते आधी विचारा आणि मदत करा. पण निवड समितीत बसून बाईमाणसाला "घर कसं सांभाळाल, मुलांचं काय" हे विचारायचं नाही. मी ज्या समितीत असते तिथे हा प्रश्न आला तर मी तिथेच थांबवते. पुरुष उमेदवाराला तो कोणी विचारत नाही.

वर्कशॉपच्या नावाखाली उमेदवाराला ऑपरेशन करायला लावू नका. पेशंट त्याची नाही, नंतरच्या गुंतागुंतीला तो हजर नसणार, आणि दुसऱ्याच्या ओटीत परक्या टीमबरोबर केलेल्या एका केसवरून काहीही कळत नाही. त्याऐवजी ट्यूमर बोर्डात बसवा. तुमच्याच हॉस्पिटलच्या चार खऱ्या केसेस, ओळख काढून.

अशा एका बोर्डाचं सांगते. चौतीस वर्षांची बाई, मूल नाही, गर्भाशयमुखावर पावणेदोन सेंटीमीटरची गाठ. केस मांडणारी पीजी दुसऱ्या वर्षाची, घाबरलेली, स्लाइडवरचं भराभर वाचत होती. एका उमेदवाराने लगेच ट्रायल्सची नावं घेतली, सगळी बरोबर. दुसऱ्या उमेदवार मॅडमनी आधी एमआरआय परत लावायला सांगितला आणि मग पीजीकडे वळून विचारलं, "तू स्वतः तपासलंस ना तिला? हाताला काय लागलं?" मुलीने सांगितलं. मग विचारलं, "मुलाबद्दल तिच्याशी कोण बोललं? ती एकटी होती की सासू शेजारी होती?" कोणीच बोललं नव्हतं. त्यावर मॅडम म्हणाल्या, "मग आपण आज काही ठरवायचं नाही. उद्या तिला एकटीला बसवून बोलू." नंतर त्यांनी त्या मुलीला पॅरामेट्रियम (गर्भाशयमुखाच्या बाजूचा भाग) तपासताना बोट कसं फिरवायचं ते टेबलावरच हाताने दाखवलं. रेडिएशनचे आमचे ज्येष्ठ डॉक्टर, जे अशा बैठकांत सहसा फोन बघत असतात, त्यांनी फोन खिशात ठेवला. निवड तिथेच झाली असं मी म्हणणार नाही, पुढे पुष्कळ बोलणी झाली. पण आम्हाला काय शोधायचंय ते त्या खोलीतल्या सगळ्यांना दिसलं.

विचारायचे प्रश्न

पुस्तकी प्रश्न नकोत. मत बदलण्याची तयारी आहे का, ते बघा. 2018 मध्ये लॅक ट्रायलचे निष्कर्ष आले: गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरला दुर्बिणीतून किंवा रोबोटने रॅडिकल हिस्टरेक्टॉमी (आजूबाजूच्या भागासकट गर्भाशय काढणं) केलेल्या बायकांत आजार परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांपेक्षा जास्त निघालं. जगभरातल्या सर्जनना हातची सवय मोडावी लागली. विचारा: तुमच्या हातून काय बदललं? त्याच वर्षी टाटाच्या डॉ. सुदीप गुप्ता यांच्या गटाची ट्रायल छापून आली. सहाशेवर बायका त्यात होत्या. आधी किमो देऊन मग ऑपरेशन करण्यापेक्षा थेट किमो-रेडिएशनने गर्भाशयमुखाचा आजार जास्त आटोक्यात राहिला. हे आपल्याच बायकांवरचं, मुंबईत झालेलं काम आहे. तरीही जो सर्जन ऑपरेशनची संख्या वाढावी म्हणून किमो देऊन ऑपरेशन करत राहतो, त्याला विभाग देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरा प्रश्न गावाबद्दलचा. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला आणि 2009 मध्ये तो जगापुढे आला. एचपीव्ही या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो; त्याच्या एकदाच केलेल्या तपासणीने पुढच्या टप्प्यातला कॅन्सर आणि मृत्यू कमी झाले. त्या विषाणूवरची पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लसही आता आहे. उमेदवाराला विचारा, आपल्या तीन तालुक्यांसाठी तुम्ही काय कराल? "कॅम्प घेऊ" हे उत्तर अपुरं आहे. पॉझिटिव्ह आलेल्या बाईला पुन्हा कोण गाठणार, तिची कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी) कुठे, त्या दिवसाची तिची मजुरी बुडते त्याचं काय, इथपर्यंत जो बोलतो त्याच्याशी पुढचं बोला.

आणि पैसे. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजात बसणारी बाई आणि न बसणारी बाई, दोघींच्या बाबतीत पॅकेजबाहेरचा खर्च कोण उचलणार? हा प्रश्न उमेदवाराने तुम्हाला विचारायला हवा. तुमचं धर्मादाय हॉस्पिटल असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठीच्या दहा-दहा टक्के खाटा कशा भरल्या जातात ते त्याला खरंखरं सांगा.

चौकशी कुणाकडे करायची

अर्जातली दोन नावं उमेदवाराचं चांगलंच बोलणार. परवानगी घेऊन आणखी फोन करा: त्याच्या भूलतज्ज्ञाला, ओटीच्या सिस्टरला, गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या रेसिडेंटला. मी एकच प्रश्न नेहमी विचारते: "रात्री दोन वाजता त्यांची पेशंट बिघडली तेव्हा कोण आलं होतं?" सिस्टर लगेच उत्तर देतात. एका उमेदवाराबद्दल सिस्टर म्हणाल्या, "सर येतात, पण आरडाओरडा फार करतात, मुलं फोन करायला घाबरतात." रेसिडेंट फोन करायला घाबरत असेल तर रक्तस्राव उशिरा कळतो. आम्ही थांबलो.

पत्र देताना

तोंडी शब्द देऊ नका, घेऊ नका. नेमणूकपत्राबरोबर दुसरं पत्र द्या: ओटीचे दिवस, खाटा, आयसीयूचा बेड, रेसिडेंट, दुसरा कन्सल्टंट कोणत्या महिन्यापर्यंत मिळणार, पेशंटशी सतत संपर्कात राहणारी नर्स, संशोधनासाठी आठवड्यातला मोकळा दिवस, परिषदेची रजा. सुरुवातीला सह्या केलेलं ते पानही त्याला जोडा. पगार ठरावीक ठेवा. ऑपरेशनमागे पैसे हा हिशेब कॅन्सरच्या विभागात नकोच, कारण न केलेलं ऑपरेशन हाही इथे बरोबर निर्णय असतो. बाहेरच्या डॉक्टरांना रेफरलचे पैसे दिले जाणार नाहीत, आणि त्यामुळे पहिल्या वर्षी पेशंट कमी आले तरी विभागप्रमुखाला जाब विचारला जाणार नाही, हेही ट्रस्टींनी लिहून द्यावं. हे लिहून मिळालं की चांगली माणसं कमी पगारातही येतात, हे मी पाहिलं आहे.

सध्याच्या नोकरीचा तीन महिन्यांचा नोटिस पीरियड, मुलांच्या शाळेचं वर्ष, घर बघणं: पहिल्या बैठकीपासून माणूस रुजू होईपर्यंत वर्ष धरा. घाई करून मधल्या काळासाठी कुणाला 'प्रभारी' नेमलंत तर पुढे त्याला हलवणं अवघड होतं. त्यापेक्षा त्या काळात ट्यूमर बोर्ड सुरू करा, आठवड्याला एक वार पक्का, आणि रजिस्टरमध्ये प्रत्येक केस लिहायला लावा.

रुजू होण्याच्या दिवशी सत्कार-शाल छोटा ठेवा. डीनसाहेबांनी स्वतः त्यांना सर्जरीच्या एचओडींच्या खोलीत घेऊन जावं, मग भूल विभागात, मग रेडिएशनमध्ये, मग सिस्टर इनचार्जकडे. त्याच आठवड्यात पहिली ओटी लिस्ट लागली पाहिजे. पहिले सहा महिने दर महिन्याला अर्धा तास भेटा आणि प्रत्येक वेळी विचारा, या महिन्यात ओव्हरीची कोणती पेशंट तुमच्यापर्यंत न येता ओटीत गेली. नाव मिळालं तर त्याच दिवशी त्या युनिटप्रमुखाला फोन लावा.